चुकलेला ठोका

चार सिलिंडरांचे इंजिन नीट चालू असते, तेव्हा त्याच्या आवाजाकडे कोणाचेही लक्ष जात नाही. तबलजीने धरलेल्या ठेक्यासारखे ते एका लयीत चालत राहते. त्या लयीतील एखादा ठोका चुकू लागला, की मात्र गाडीत बसलेल्या नवख्या माणसालाही ते जाणवते. गाडी थरथरते, लहानसा धक्का देते, क्षणभर कोणी मागे ओढल्यासारखी रेंगाळते आणि पुन्हा पुढे जाते. भारतातील गॅरेजांमध्ये याला ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात. तक्रार एकच असते; तिच्यामागे कारणे मात्र अनेक असू शकतात. त्यांपैकी खरे कारण शोधून काढणे हे मोटारदुरुस्तीतील अवघड कामांपैकी एक मानले जाते, कारण येथे हातात पाना घेण्यापूर्वी विचार करावा लागतो.

हा विचार कसा करतात, हे एका जुन्या इंग्रजी गाडीच्या उदाहरणावरून चांगले समजते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या दक्षिणेस, टेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथील एमजी कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ‘एमजीबी’ ही छोटी स्पोर्ट्स कार तयार होत असे. ही गाडी ठेंगणी, दोन आसनांची आणि छप्पर उघडता येणारी होती. १९६५ मध्ये तिचा बंद छपराचा प्रकारही बाजारात आला. ती श्रीमंतांची मिरवण्याची वस्तू नव्हती. मध्यमवर्गीय तरुणालाही तिचे स्वप्न पाहता येत असे. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९८० साली कारखाना बंद पडला, पण गाड्या बंद पडल्या नाहीत. आजही त्या हौसेने जपल्या जातात आणि रस्त्यावर चालवल्या जातात.

या परदेशी गाडीचे एक नाते भारताशीही आहे. तिचे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन ‘बी सीरिज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातले. त्याच घराण्यातील १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन भारतातील ॲम्बॅसडर गाडीत अनेक वर्षे बसवले जात होते. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली ॲम्बॅसडर आणि ॲबिंग्डनची स्पोर्ट्स कार या दिसायला अगदी वेगळ्या. पण झाकण उघडून पाहिले, तर इंजिने एकमेकींच्या चुलत भावंडांसारखी. म्हणून ॲबिंग्डनच्या गाडीचा चुकलेला ठोका शोधण्याची रीत नागपूरच्या किंवा कोलकात्याच्या जुन्या मेकॅनिकला मुळीच परकी वाटणार नाही.

ठोका चुकणे ही केवळ गैरसोय नाही. समोरचा ट्रक ओलांडताना ऐन वेळी इंजिनाने दगा दिला, तर जिवावर बेतू शकते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते आणि इंजिनाची झीज वाढवते. ब्रिटनमध्ये तर २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राहिलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावरच आली आणि ती पार पाडताना त्याला बहुधा कारागिराच्या शब्दावर विसंबावे लागते. तो शब्द अंदाजाचा आहे की पुराव्याचा, याला म्हणूनच महत्त्व आहे.

इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा आणि चारही सिलिंडर मिळून शंभर वेळा ठिणगी पडते. या प्रत्येक वेळी चार गोष्टी जुळून याव्या लागतात. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण योग्य प्रमाणात यावे लागते. दट्ट्याने ते पुरेसे दाबावे लागते. ठिणगी जोरदार पडावी लागते आणि ती नेमक्या क्षणी पडावी लागते. मिश्रण, दाब, ठिणगी आणि वेळ या चारांपैकी एक जरी चुकले, तरी ठोका चुकतो. दोष शोधणे म्हणजे या चौघांपैकी तिघांना पुराव्यानिशी निर्दोष ठरवणे.

जाणता कारागीर आरंभी गाडीला हातच लावत नाही. तो मालकाला प्रश्न विचारतो. इंजिन थंड असताना गाडी अडखळते की तापल्यावर? चढावर की सपाट रस्त्यावर? पावसात त्रास वाढतो का? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की हा त्रास सुरू होण्यापूर्वी गाडीचे शेवटचे काम कोणते केले होते? वैद्य जसा नाडी पाहण्याआधी रोग्याची हकिकत ऐकून घेतो, तसाच हा प्रकार आहे. पुष्कळदा अर्धे उत्तर या हकिकतीतच असते.

मग तो आवाज ऐकतो. धुराच्या नळीपाशी उभे राहिले, की चुकणारा ठोका स्पष्ट कळतो. तो ठरावीक अंतराने चुकत असेल, तर एखादा विशिष्ट सिलिंडर काम करत नसावा, असा तर्क करता येतो. तो कसाही, केव्हाही चुकत असेल, तर चारही सिलिंडरांना सामाईक असलेल्या एखाद्या भागावर संशय घ्यावा लागतो. एवढ्या एका निरीक्षणाने शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

एकच सिलिंडर रुसला असेल, तर तो ओळखण्याची जुनी रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवून विद्युतरोधक चिमट्याने एकेका प्लगची तार क्षणभर काढायची. चालत्या सिलिंडरची तार काढली, की इंजिनाचा आवाज पडतो. ज्याची तार काढूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच स्वस्थ बसलेला असतो. मग त्याचा प्लग बाहेर काढून पाहायचा. प्लगचे टोक बदामी रंगाचे असेल, तर ज्वलन ठीक होत आहे. ते कोरड्या काजळीने काळे झाले असेल, तर पेट्रोल जास्त येत आहे किंवा ठिणगी दुबळी आहे. ते तेलकट असेल, तर इंजिनातील तेल वर चढत आहे. ते पांढरेफटक पडले असेल, तर पेट्रोल कमी पडत आहे किंवा प्लग फार तापत आहे.

प्लगच खराब आहे, असा संशय आला तरी कारागीर लगेच नवा प्लग आणत नाही. तो दोन सिलिंडरांच्या प्लगांची अदलाबदल करतो. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेला, तर प्लग दोषी. दोष जागच्या जागी राहिला, तर प्लग निर्दोष. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही आणि तिचा निकाल निःसंदिग्ध असतो.

एमजीबीच्या इंजिनाची रचनाही काही खुणा देते. तिच्या मूळ रचनेत दोन कार्बुरेटर असून, पुढचा मुख्यतः पहिल्या दोन सिलिंडरांना आणि मागचा उरलेल्या दोघांना मिश्रण पुरवतो. तेव्हा पहिला व दुसरा सिलिंडर एकदमच अडखळू लागले, तर आधी पुढच्या कार्बुरेटरकडे पाहावे. दाब मोजण्याचे उपकरण लावले आणि शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब फारच कमी भरला, तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट फुटल्याची शक्यता मोठी असते. एकाच सिलिंडरचा दाब कमी असेल, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही, तर झडप नीट बसत नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते. फक्त तो योग्य क्रमाने विचारावा लागतो.

खरी कसोटी लागते ती दोष लपंडाव खेळू लागतो तेव्हा. अशी एक गाडी डोळ्यांसमोर आणावी. १९६७ सालची एमजीबी आहे. उभी असताना इंजिन उत्तम चालते. चढावर पूर्ण जोर दिला, तरी तक्रार नाही. पण सपाट रस्त्यावर एकसारख्या मध्यम वेगाने जाऊ लागली, की ती अडखळते. लक्षण ऐकताच कोणीही म्हणेल, की पेट्रोल नीट येत नाही. मालकालाही तसेच वाटते. तो दोन्ही कार्बुरेटर खोलून साफ करून घेतो, पेट्रोलचा पंप बदलतो, नवे प्लग घालतो. पैसे खर्च होतात, दोष मात्र जागचा हलत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही गत. कार्बुरेटरचे बहुतेक दोष विजेचे असतात, असे जुने इंग्रज कारागीर थट्टेने म्हणतात, ते अशा अनुभवांतूनच.

असा मालक शेवटी एखाद्या जाणत्याकडे येतो. तो जाणता एकच प्रश्न विचारतो, “धक्का बसतो, त्या क्षणी फेरे दाखवणारा काटा काय करतो?” मालकाने ते कधी पाहिलेलेच नसते. दोघे गाडी घेऊन निघतात. सपाट रस्ता येतो, गाडी अडखळते आणि समोरच्या तबकडीवरील काटा एकदम खाली पडून पुन्हा वर उसळतो.

काटा पडला, यात विशेष ते काय? येथेच विचाराची खरी गंमत आहे. इंजिनाला जड चाक जोडलेले असते आणि त्या वेळी ते गाडीच्या चाकांशीही जोडलेले असते. तीन हजारांवरचे फेरे निमिषार्धात हजारावर येणे आणि पुन्हा तीन हजारांवर जाणे शक्यच नाही. म्हणजे काटा सांगतो ते इंजिनाच्या फेऱ्यांविषयी नाही. या गाडीतील ते यंत्र प्रत्यक्षात इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या विजेचे ठोके मोजते आणि त्यांवरून फेरे दाखवते. काटा पडतो, याचा अर्थ त्या क्षणी कॉइलचा विद्युतप्रवाहच खंडित होतो. पेट्रोल कमी पडले असते, तर गाडी अडखळली असती, पण काटा असा पडला नसता. कार्बुरेटर, पंप आणि प्लग एकाच निरीक्षणाने निर्दोष सुटतात. पुरावा सतत मालकाच्या नजरेसमोर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

आता शोध त्या प्रवाहाच्या वाटेवर येतो. बॅटरीची वीज बारा व्होल्टची. प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला मात्र हजारो व्होल्ट लागतात. हे काम कॉइल करते. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट जुळलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो. ते उघडले, की तो एकदम तुटतो आणि त्या तुटण्यामुळे कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात फार मोठा दाब निर्माण होतो. यामागील प्रवर्तनाचा नियम मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधला. फॅरडे यांचे शालेय शिक्षण अगदी जेमतेम झाले होते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना हाती येणारी पुस्तके वाचून ते शिकले. पुढे १९१० च्या सुमारास चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने मोटारीसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची सुटसुटीत योजना सिद्ध केली. तीच योजना या गाडीतही आहे.

या वाटेवर चावीचा खटका, जोडण्या, कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट असे अनेक संशयित उभे असतात. पण मध्यम वेगालाच दोष का यावा? कारागीर स्वतःला विचारतो, “त्याच वेळी या वाटेवरची कोणती वस्तू हलते?” उत्तर डिस्ट्रिब्युटरमध्ये सापडते. कमी जोरावर गाडी चालत असताना ठिणगी थोडी लवकर पडावी, म्हणून पॉइंट ज्या तबकडीवर बसवलेले असतात, ती तबकडी किंचित फिरवली जाते. कार्बुरेटरकडून आलेल्या बारीक नळीतील निर्वातामुळे एक पडदा ओढला जातो आणि त्याला जोडलेली तबकडी फिरते. गाडी उभी असताना या नळीत ओढ नसते आणि पूर्ण जोर दिल्यावरही ती जवळजवळ नाहीशी होते. ओढ असते ती मधल्या अवस्थेत. दोषही नेमका तेव्हाच प्रकटतो.

हा अजूनही तर्कच आहे, पुरावा नव्हे. म्हणून तो नळी काढून तिचे तोंड बंद करतो आणि गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर नेतो. दुसरे काहीही बदलत नाही. गाडी अडखळत नाही. आता डिस्ट्रिब्युटर उघडायला हरकत नसते. आत पॉइंटकडे जाणारी बोटभर लांबीची एक लवचिक तार असते. तिचे वेष्टन वरून अगदी धड दिसते. मीटर लावला, तर प्रवाहही ठीक जातो. पण तबकडी बोटाने हलवताच मीटरचा काटा थरथरू लागतो. तार काढून वेष्टन सोलल्यावर कळते, की वर्षानुवर्षे मागेपुढे वाकून आतले तांब्याचे केसासारखे तंतू तुटले आहेत. तबकडी स्थिर असताना त्यांची टोके टेकतात. तबकडी फिरली, की ती सुटतात.

एवढ्याशा तारेसाठी पंप बदलला गेला होता. नवी तार बसवतानाही जाणता माणूस घाई करत नाही. हाताशी असलेली साधी जाड तार तो लावत नाही, कारण ती अशीच वाकून लवकर तुटेल. अनेक बारीक तंतूंची, नरम तारच तेथे टिकते. मग तो काढलेली नळी पुन्हा जोडतो, पॉइंटमधील फट सुमारे ०.३८ मिलिमीटर आहे ना, हे पातळ पात्याने तपासतो आणि ज्या रस्त्यावर दोष दिसला होता, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी नेतो. दोष दूर झाला, असे म्हणण्याचा अधिकार त्यानंतरच मिळतो.

पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, तारा असे सारेच एकदम बदलले असते, तर गाडी चालू झाली नसती का, असा प्रश्न येथे विचारता येईल. कदाचित झालीही असती. पण मग दोष कशात होता, हे कोणालाच कळले नसते. मालकाने चांगल्या वस्तूंचेही पैसे मोजले असते. नव्या वस्तूंपैकी एखादी सदोष निघाली असती, तर एका दोषाचे दोन दोष झाले असते आणि गुंता अधिकच वाढला असता. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि मगच पुढे जावे, हा या कामातील पहिला नियम आहे. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञही हाच नियम पाळतो. त्याच्या वहीत त्याला मोठे नाव असते. गॅरेजात तो नियम नुसता पाळला जातो.

नव्या गाड्यांत पॉइंट राहिले नाहीत. त्यांच्यातील संगणक क्रँकशाफ्टच्या गतीतील सूक्ष्म फरकावरून चुकलेला ठोका ओळखतो आणि तपासणी यंत्र जोडले, की ‘पी ०३०१’ असा संकेत दाखवतो. पहिल्या सिलिंडरचा ठोका चुकला, एवढा त्याचा अर्थ. ही मोठीच सोय आहे. परंतु कोणता सिलिंडर चुकला, हे यंत्र सांगते. तो का चुकला, हे सांगत नाही. प्लग, कॉइल, पेट्रोलची फवारणी की झडप, हे शोधायला पुन्हा तीच अदलाबदल, तेच एकेक संशयित वगळणे आणि तोच धीर लागतो. संकेत वाचून थेट नवी वस्तू बसवणारा आणि लक्षण ऐकून थेट कार्बुरेटर खोलणारा, हे दोघे एकाच जातीचे कारागीर आहेत.

भारतातील असंख्य गॅरेजांत हे ज्ञान कधी लिहिले गेले नाही. उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत, ॲम्बॅसडरचे किंवा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे पॉइंट घासत कित्येक मुलांनी ते मिळवले. त्या टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाल्या. त्यांच्याबरोबर पॉइंट घासण्याचे काम संपले. दोष शोधण्याची रीत मात्र संपलेली नाही. ती ज्याच्या अंगी मुरली, त्याच्याजवळ प्रमाणपत्र असो वा नसो, विचार करण्याचे एक भक्कम शिक्षण असते. प्रश्न नेमका विचारणे, दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत जाणे, स्वतःच्या तर्कावरही चाचणीवाचून विश्वास न ठेवणे आणि दोष सापडला नसेल तर ‘अजून सापडला नाही’ असे स्वच्छ सांगणे, हे त्या शिक्षणाचे धडे होत.

दुरुस्त झालेली गाडी परत जाते, तेव्हा बिलावर एका तारेची किंमत असते आणि काही तासांची मजुरी. तार स्वस्त असते. मजुरी मात्र मालकाला कधीकधी जास्त वाटते. ती तार कोठे आहे, हे शोधण्याचीच ती मजुरी असते.